एलीयाला आधी भाकर मिळाली

प्रश्न : माझं वय २३. गेले काही महिने जगणं नकोसं झालंय, मरणाचे विचार येतात. प्रार्थनेला बसले तरी शब्द फुटत नाहीत. घरी सांगितलं तर ‘विश्वास कमी पडतोय’ असंच ऐकावं लागेल. असे विचार येणं पाप आहे का? पवित्र शास्त्रातलं काय वाचू? (एक वाचक, वसई)

उत्तर : आधी आजचं पाहू. काय करायचं, कधी करायचं हे मनात ठरत आलं असेल, तर अंक बाजूला ठेवा, घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला हाक मारा आणि १४४१६ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा २०२२पासून आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवावर बेतेल असं वाटत असेल तर ११२, नाहीतर थेट जवळच्या इस्पितळाचा तातडीचा विभाग. जास्तीच्या गोळ्या, कीटकनाशक किंवा जे काही मनात येत असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या, घराबाहेर गेलं तर उत्तम. अशी उसळी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं आणि सोबत कुणी असणं, यानेच जीव वाचतात.

पापाबद्दल : असा विचार मनात येणं म्हणजे पाप नव्हे आणि अविश्वासही नव्हे. १ राजे १९ उघडा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला बोल लावत नाही. तो झोपतो, देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठून जेवतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर येतो. आपल्याकडे बरेचदा हा क्रम उलटा होतो : उपदेश आधी, त्यातून उपास सांगितला जातो आणि झोपेची चौकशी कुणीच करत नाही. खचलेल्या माणसाने उपास धरू नये.

वाचायला स्तोत्र ८८ घ्या. १८ वचनं, सावकाश मोठ्याने वाचली तरी दोन-तीन मिनिटं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. तेवढंही जमलं नाही तर रोमकरांस ८:२६ : आपल्याला प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी विनंती करतो. त्यानंतरचं ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक’ हे वचन सध्या बाजूला ठेवलं तरी चालेल, या अवस्थेत ते टोचतं.

मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्यांना पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आरोग्यप्रार्थनेत बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. त्याने आजार उलटतो आणि मग देवानेही सोडलं असं वाटू लागतं.

प्रश्न : मी मंडळीतल्या तरुण संघाचं काम पाहतो. एक मुलगा ‘मी नसलो तर बरं’ म्हणाला आणि कुणाला सांगू नका अशी शपथ घातली. काय करू?

उत्तर : ही शपथ पाळायची नाही. त्याला सरळ सांगा, ‘तुझा जीव वाचवायला जे लागेल ते मी सांगणार, पण तुला कळवून.’ मग नेमकं विचारा : जीव द्यावासा वाटतो का? कसा, काही ठरवलंय का? साधन हाताशी आहे? विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट ओझं उतरतं. ठरलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना बोलवा, तोवर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. नरकाची भीती घालू नका, त्याने तोंड बंद होतं.

फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी कैदी पळाले असं समजून स्वतःवर तलवार उपसतो, तेव्हा कैदेतला प्रेषित पौल ओरडतो : स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत (प्रेषितांची कृत्ये १६:२८). तारणाचं बोलणं त्यानंतरचं. कॅथलिक असाल तर एक लक्षात घ्या : पापकबुलीत ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. त्यामुळे मुलाने कबुलीबाहेरही त्यांच्याशी बोलावं, म्हणजे त्यांना हालचाल करता येईल.

प्रश्न : आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये अंत्यविधी मिळतो का?

उत्तर : कॅथलिक मंडळीत मिळतो. १९१७च्या धर्मसंहितेत मनाई होती, १९८३च्या संहितेत ती राहिली नाही. अशा माणसाच्या सार्वकालिक तारणाची आशा सोडू नये, असं कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ (परिच्छेद २२८३) सांगतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकांशी आधी बोलून घ्या. प्रवचनात येशूला धरून देऊन मग जीव देणाऱ्या यहूदाचा दाखला नको, हेही तेव्हाच सांगा. घरच्यांनाही पुढे धोका असतो. महिनाभराने पाहुणे ओसरतात, तेव्हापासून आठवड्यातून एकदा कुणी डबा घेऊन जाईल अशा पाळ्या लावा.