मेक्सिकन मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला लग्नाइतका खर्च का करतात?

तुम्ही विचारलंय की टेक्सासमधल्या तुमच्या मेक्सिकन सहकाऱ्याने मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला लग्नासारखा थाट का केला. मी सॅन अँटोनियोत सहा वर्षं राहिले. शेजारच्या घरातली किन्सेआन्येरा, म्हणजे मुलगी मोठी झाल्याचा हा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, जवळून पाहिली, म्हणून लिहिते.

आधी खर्चाचं. तो एकट्या बापावर पडत नाही. केक एका आत्याचा, मुकुट मावशीचा, बूट काकांचे, हॉलचं भाडं वडिलांच्या मित्राचं. यांना पाद्रीनो, माद्रीना म्हणतात. आपल्याकडे लग्नात मामा एखादा खर्च उचलतो, तसंच. पण इथे प्रत्येकाचं नाव मानाने पुकारतात, आणि पुढेही त्यांनी त्या मुलीच्या पाठीशी राहायचं असतं.

सकाळी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना, संध्याकाळी हॉलमध्ये नाच-जेवण. तिथे मुलगी सपाट बूट घालून खुर्चीत बसते. वडील गुडघे टेकून ते काढतात आणि उंच टाचांचे चढवतात. त्या मुलीचे वडील, आमचे शेजारी, घरांची छपरं घालायचे. त्या जाड बोटांना बुटाचं बारीक बक्कल लागेना. सगळा हॉल शांत. मुलीने मदत केली नाही, थांबून राहिली.

पण माझ्या मनात घर करून आहे ती सकाळ. मुलीला स्पॅनिश कळायचं, बोलताना अडखळायची. यामागे इतिहास आहे. 1918 च्या कायद्याने टेक्सासच्या शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा ठरलं होतं, आणि मुलं आपसात स्पॅनिश बोलली तरी अनेक शाळांत छडी बसे. आजीने तो मार खाल्लेला. आपल्या लेकरांना तो बसू नये म्हणून ती त्यांच्याशी इंग्रजीतच बोलली.

नात मात्र हटून बसली, चर्चमध्ये आभार स्पॅनिशमध्येच मानणार. दोन महिने रोज संध्याकाळी दोघी पायरीवर बसून घोकायच्या. त्या दिवशी ती एका शब्दावर अडलीच. पहिल्या बाकावरून आजीने तो शब्द सांगितला, चांगला मोठ्याने.

सगळेच करतात असं नाही. काही मुली त्या पैशांत सहल मागतात.

मी पाहुण्यांच्या सह्यांच्या वहीची माद्रीना होते. वही पंचवीस डॉलरची, पण नाव माझंही पुकारलं. त्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. तुमच्या सहकाऱ्याला धाकटी मुलगी असेल आणि त्यांनी काही उचलायला विचारलं, तर हो म्हणा.