रस्त्यावरून ट्रेलवर आल्यापासून पेस निम्मा झालाय आणि उमेदही गेलीय. पहिल्या शर्यतीची तयारी कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोनेक वर्षं रस्त्यावर धावताय, अर्धमॅरेथॉन सहज होते. चार महिन्यांनी पहिली ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरची, शर्यत आहे, ३० किलोमीटर, १,५०० मीटर चढाई, कटऑफ (शर्यत संपवायची कमाल मुदत) सात तास. पण डोंगरवाटेवर सराव सुरू केल्यापासून पेस, म्हणजे धावण्याचा वेग, निम्म्यावर आलाय, चढावर चालावं लागतं आणि आता पहाटे गजर वाजला तरी उठावंसं वाटत नाही. सराव कसा करावा, उमेद कशी टिकवावी आणि पोल्स (चढताना टेकायच्या काठ्या) घ्यावेत का, हे तुम्हाला हवंय. मी नोकरी सांभाळून, हौसेने, बरीच वर्षं ट्रेलवर धावतोय. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर मला एकच वाटतं. तुमची उमेद खातोय तो घड्याळावरचा पेसचा आकडा. रस्त्यावर तो खरं बोलतो, कारण रस्ता रोज साधारण तसाच असतो. डोंगरात एक किलोमीटर सहा मिनिटांत होतो, पुढच्याला वीस लागतात आणि दोन्हींत मेहनत सारखीच झालेली असू शकते. तेव्हा घड्याळाच्या स्क्रीनवरून पेस आजच काढून टाका. तिथे दोनच गोष्टी ठेवा: किती वेळ झाला आणि किती मीटर चढलात.

पेस निम्मा होणं हे कमकुवतपणाचं लक्षण वाटत असेल तर अमेरिकन धावपटू जिम वॉल्म्सलीचं उदाहरण बघा. २०२० साली अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत तो मॅरेथॉन २ तास १५ मिनिटांत धावला, म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटांहूनही कमी. २०२३ मध्ये त्याने माँ ब्लाँ पर्वताभोवतीची यूटीएमबी ही ट्रेल शर्यत जिंकली. ती साधारण १७० किलोमीटरची, १०,००० मीटर चढाईची. त्याला १९ तास ३७ मिनिटं लागली. भागाकार केला तर किलोमीटरला जवळजवळ सात मिनिटं पडतात. अंतराचा फरक आहेच, पण डोंगर इतक्या वेगवान माणसाचाही पेस निम्मा करतो. तुमचाही होणारच.

शर्यतीला किती वेळ लागेल हेही पेसवरून काढू नका. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यत किती अवघड हे ठरवताना दर १०० मीटर चढाईमागे अंतरात एक किलोमीटर मिळवते. त्या हिशोबाने तुमची शर्यत ४५ किलोमीटरची झाली, मॅरेथॉनहून मोठी. दुसरा हिशोब याहून जुना. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला होता: साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या शर्यतीला हे लावलं तर सहा अधिक अडीच, साडेआठ तास होतात. म्हणजे पूर्ण अंतर नुसतं चालणारा माणूससुद्धा कटऑफच्या फक्त दीड तास मागे राहतो. चढ नेटाने चालायचे, सपाटी आणि सोपे उतार धावायचे, एवढ्यावर तो दीड तास सहज भरून निघतो. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडा. चढावर चालताना वाटणारा अपराधीपणा त्याने बराच कमी होईल.

चढावर चालणं हे तंत्र आहे आणि त्याचा वेगळा सराव लागतो. तीव्र चढावर धावण्याचा आव आणला तरी वेग चालण्याइतकाच राहतो, आणि त्या वेगाला चालण्यापेक्षा धावायलाच जास्त ऊर्जा खर्च होते. एका शर्यतीत बराच वेळ माझ्यापुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांना बघून मी जे शिकलो ते कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये सापडलं नव्हतं. चढ सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, त्यांनी एनर्जी जेलचं पाकीट काढलं, तोंडात घेतलं, वर दोन घोट पाणी प्यायल्या. चढ लागला तशा कमरेतून किंचित वाकल्या, दोन्ही तळहात गुडघ्यांच्या जरा वर मांडीवर टेकवले आणि प्रत्येक पावलाला त्या बाजूच्या हाताने मांडी खाली रेटायला लागल्या. पावलं लहान, श्वासाची लय एकसारखी. आजूबाजूचे लोक दहा पावलं धावायचे, मग कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहायचे. त्या एकदाही थांबल्या नाहीत. माथ्यावर पोचल्यावर बाकीचे दम खात असताना त्यांनी तिथूनच धावायला सुरुवात केली. 'माथ्यावर न थांबता धावायला लागणं' ही गोष्ट सरावात मुद्दाम घोटून घ्या. शर्यतीत थांबणाऱ्यांची खूप मिनिटं तिथे वाया जातात.

पण खरी परीक्षा उताराची, आणि रस्त्यावरून आलेले धावपटू नेमका तोच सराव टाळतात. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच वजन पेलावं लागतं. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून चढ-उताराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. दिलासा असा की हेच स्नायू फार लवकर शिकतात. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने खूप कमी दुखतं आणि ही प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते. म्हणून उतार थोडा थोडा पण नियमित घ्या. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी.

उतरायचं कसं? समजा, सुट्या खड्यांचा घसारा आहे. मन म्हणतं मागे रेला, टाच रोवा. तसं केलं की टाच सरकते आणि आपण पाठीवर. गुडघे थोडे वाकलेले ठेवा, अंग उताराच्या बाजूला किंचित झुकलेलं, पावलं बारीक आणि भराभर. प्रत्येक पाऊल एवढं हलकं की खडा घसरायच्या आत पुढचं पाऊल पडलेलं असेल. हात बाजूला मोकळे, तोल सांभाळायला. नजर बुटांवर नको, तीन-चार पावलं पुढे हवी. पायांना आधी पाहिलेली जागा आठवते, हे थोड्याच दिवसांत तुमच्या लक्षात येईल. सुरुवातीला दोनशे मीटरचा एक ओळखीचा उतार निवडा, तोच पुन्हा पुन्हा उतरा आणि वर चालत या. दमलेले असताना नवा उतार वेगाने उतरू नका. घोटे मुरगळतात ते बहुतेक तेव्हाच.

आता आठवडा. रस्त्यावरचं धावणं सोडायची गरज नाही. दोन दिवस हलकं धावणं ठेवा, एवढं हलकं की पूर्ण वाक्यं बोलता यावीत. एक दिवस चढाचा: तीन-तीन मिनिटं जोरात वर, सावकाश खाली, सुरुवातीला चार फेऱ्या, पुढे सात-आठपर्यंत. एक दिवस लांब, डोंगरवाटेवर, आणि तो किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजायचा. दोन तासांपासून सुरू करून शर्यतीच्या तीन आठवडे आधी चार-साडेचार तासांपर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्याला सगळंच थोडं कमी. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम: लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), एका पायावर टाचा उचलणं, आणि पायरीवर उभं राहून एक पाय अगदी सावकाश खाली टेकवणं. यातला शेवटचा कधीही चुकवू नका, कारण उतारावर मांडी तेच काम करते. जवळ डोंगर नसेल तर जिने किंवा ट्रेडमिलचा चढ चालतो, फक्त बहुतेक ट्रेडमिलवर उतार मिळत नाही, म्हणून मग हा पायरीचा व्यायाम आणखी महत्त्वाचा.

उमेदीचं सविस्तर बोलतो, कारण तुमचा प्रश्न मुळात तिथूनच आलाय असं मला वाटतं. चार महिन्यांनंतरची शर्यत पहाटे अंथरुणातून बाहेर काढू शकत नाही, ती फार लांब असते. बाहेर काढतं ते त्या त्या दिवसाचं काम. त्यामुळे प्रत्येक दिवसाला एकच छोटं, नेमकं काम द्या. आज फक्त उतरताना नजर पुढे ठेवायची. आज चढावर एकदाही थांबायचं नाही, कितीही हळू झालं तरी. घरी परतल्यावर ते जमलं की नाही, एवढंच वहीत लिहा. आणि आकड्याशिवाय चैन पडत नसेल, तर एक ठरावीक चढ निवडा आणि तीन-चार आठवड्यांनी एकदा तेवढ्याच दमात, म्हणजे तुटक तुटक बोलता येईल इतपत दमात, तो चढा. त्या वेळेची तुलना त्याच चढाच्या मागच्या वेळेशी करा. ट्रेलवर मला विश्वासार्ह वाटलेली तुलना ही एकच.

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की नुसता निश्चय करण्यापेक्षा 'अमुक झालं तर मी तमुक करेन' असं आधीच ठरवलेलं असलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते. मला याचा फार उपयोग होतो. पाऊस असेल तर जिन्यावर जाईन. उठायला उशीर झाला तर अर्धा तासच, पण चढावर. दारात बूट घालून उभे असताना ठरवायला काही शिल्लक राहता कामा नये.

मात्र कंटाळा आणि थकवा यांची गल्लत करू नका. सकाळची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, झोप तुटक, चिडचिड आणि हलक्या धावण्यातही पाय जड, असं सलग काही दिवस झालं तर शरीर विश्रांती मागतंय. तेव्हा स्वतःला ढकलण्यात काहीच मर्दुमकी नाही, दोन-तीन दिवस सरळ सुट्टी घ्या. याउलट, बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटांत बरं वाटत असेल, तर तो नुसता कंटाळा होता.

आणि एक मनापासून सांगतो. रस्त्यावर धावताना माझं डोकं ऑफिसात, घरच्या भानगडीत, कुठेही असू शकतं. दगडगोट्यांच्या वाटेवर तसं चालत नाही. पुढचं पाऊल कुठे पडणार, एवढ्यातच सगळं लक्ष लागतं आणि ते तासन्तास लागून राहतं. मी वर्षानुवर्षं ट्रेलवर जातोय तो यासाठी. तुम्हाला हे अजून अनुभवाला आलं नसेल तर त्याचं कारण ते मनगटावरचं घड्याळ असू शकतं. आठवड्यातून एकदा ते घरी ठेवून जा.

शर्यतीच्या दिवशी पहिला एक तृतीयांश भाग मुद्दाम मागे राहून काढा. अरुंद पायवाटेवर रांग लागली तर चडफडू नका, तेवढीच ताकद वाचते. पहिल्या अर्ध्या तासापासून खायला लागा, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि सरावात पोटाने पचवलंय तेच. पाणी तहानेनुसार प्या. गरजेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकतं. डोक्यात ३० किलोमीटर ठेवू नका, पुढचं एड स्टेशन, म्हणजे वाटेतला खाण्यापिण्याचा थांबा, ठेवा.

सामानाच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवामान अचानक बिघडलं, थंड वारा आणि पाऊस सुरू झाला, आणि २१ धावपटू गेले. त्यात नावाजलेले, अनुभवी लोक होते. धावताना अंग तापलेलं असतं तोवर थंडी कळत नाही. पाय मुरगळून थांबावं लागलं की ओल्या कपड्यांत शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं. आयोजकांच्या यादीत असो वा नसो, पातळ वॉटरप्रूफ जॅकेट, इमर्जन्सी ब्लँकेट, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन पाठीवर असू द्या. लांबच्या सरावालाही.

राहिले पोल्स. १,५०० मीटर चढाईत ते उपयोगी पडतात, चढावर पायांवरचा थोडा भार खांद्यांकडे जातो. पण ते वापरायला शिकावं लागतं, आणि दुमडून पाठीला लावायला-काढायला सुद्धा. पुढच्या तीन आठवड्यांत मिळाले आणि प्रत्येक लांब सरावाला घेऊन गेलात तर शर्यतीत न्या. तेवढं जमणार नसेल तर या शर्यतीपुरतं राहू द्या, मांडीवर हात टेकवून चढायचं तंत्र ३० किलोमीटरला पुरतं. आणि आयोजकांच्या नियमांत पोल्सना परवानगी आहे का ते आधी बघा, काही शर्यतींत नसते.