स्वतःचाच जुना पेपर परीक्षेत वापरला तर चालतं का?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत सोशिऑलॉजीत पीएचडी करतेय. आता कॉम्प्स आहेत, म्हणजे कोर्सवर्क संपल्यावरची मोठी परीक्षा, घरूनच लिहायची, प्रश्न मेलवर येतात आणि ७२ तासांत उत्तरं पाठवायची. स्थलांतरावर मी सेमिनारला मोठा पेपर लिहिला होता, ग्रेडही मस्त मिळालेली, आणि तोच विषय येणार असं दिसतंय. रूममेट म्हणते सरळ परिच्छेद उचल, तुझंच तर आहे, चोरी कुणाची? पण मला धाकधूक वाटतेय.

उत्तर: अगं, धाकधूक वाटतेय ते बरंच आहे. आधी डिपार्टमेंटची हँडबुक उघड, कॉम्प्सचं पान वाच. काही ठिकाणी कोर्सवर्कमधून तयारी व्हावी म्हणूनच सगळी रचना असते, तर काही ठिकाणी एकदा ग्रेड मिळालेलं लिखाण परत दिलं की थेट नियमभंग. तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कमिटीच्या चेअरला दोन ओळींची मेल टाक, "अमुक सेमिनारच्या पेपरमधला भाग वापरला तर चालेल का आणि उल्लेख कसा करू?" पण हे प्रश्न हातात यायच्या आधी कर हं, कारण एकदा घड्याळ सुरू झालं की बऱ्याच ठिकाणी कमिटीशी बोलताच येत नाही. उत्तर लेखी घे, कॉरिडॉरमधलं "हो हो चालेल" नंतर कुणाला आठवत नाही.

तो पेपर तेव्हा टर्निटिनवरून, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, दिला असशील तर तो बहुतेक त्यांच्या साठ्यात असणार, आणि उत्तरही त्यातूनच तपासलं तर जुळलेल्या ओळी रंगीत होऊन येतील. सॉफ्टवेअरला लेखक तूच आहेस हे कळत नाही, मजकूर जुळला एवढंच.

खरं सांगू, मला नियमापेक्षा दुसरीच काळजी वाटते. पेपरात तू पोर्टेस आणि झोऊ या समाजशास्त्रज्ञांचा १९९३चा मुद्दा घेतला असशील, की स्थलांतरितांची मुलं सगळी एकाच वाटेने मुख्य प्रवाहात जात नाहीत, आणि तो तुझ्या केसला आधार म्हणून घेतला असशील. कॉम्प्समध्ये विचारतील की या वादात कोण कुठे उभं आहे, रिचर्ड आल्बा आणि व्हिक्टर नी यांनी २००३मध्ये मुख्य प्रवाह स्वतःच बदलतो असं म्हटलं त्याने काय फरक पडला. तिथे जुना परिच्छेद डकवलास तर तो प्रश्नाला सोडून बोलत राहतो, आणि परीक्षकाला ते दुसऱ्याच ओळीत कळतं. त्यात पेपर तुझ्या गाईडनेच तपासलेला असेल तर बघायलाच नको!

म्हणून वाचन, नोट्स, मांडणी खुशाल वापर, ती तर वापरायलाच हवी. जुनी फाइल आत्ताच उघडून त्यातले मुद्दे वेगळ्या कागदावर काढ आणि परीक्षेच्या दिवशी फाइल बंद ठेव, वाक्यं नव्याने लिही. एखादा मुद्दा खास तुझाच असेल आणि परवानगी मिळाली असेल तर अप्रकाशित सेमिनार पेपर म्हणून वर्षासकट उल्लेख कर, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: मी नांदेडकडचा, इथेच पीएचडी करतोय. कोर्सवर्कमध्ये लिहिलेला रिव्ह्यू थीसिसमध्ये घेतला तर?

उत्तर: दादा, तुमचं प्रकरण सोपं आहे. कुठे छापलेला नसेल तर बहुतेक गाईडना तो थीसिसमध्ये यावा असंच वाटतं, फक्त त्यांना सांगून घ्या. लेख म्हणून छापून आला असेल तर मात्र उल्लेख हवाच, यूजीसीने २०२०मध्ये स्वतःच्या छापील मजकुराबद्दलही हे बजावलंय. आणि यूजीसीच्याच २०१८च्या नियमांत थीसिसचं दुसऱ्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर थीसिस देताच येत नाही, आणि ६०च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. तेव्हा साम्य तपासणीचा रिपोर्ट आला की नुसता आकडा बघू नका, कुठल्या ओळी कशाशी जुळल्यात ते गाईडसोबत बसून बघा.