अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला गेलेली कुटुंबं मेंढीच्या लोकरीचं कापड घरी कसं करत?

वसंतात मेंढ्या कातरल्या की पोटाखालची शेणामातीने माखलेली लोकर आधी वेगळी काढत. उरलेली गरम पाण्यात, राखेच्या क्षारापासून केलेल्या साबणात भिजत घालत. घात होतो तो इथेच: गरम लोकर चोळली किंवा एकदम गार पाण्यात टाकली की तिचे तंतू एकमेकांत गुंतून नमदा (घट्ट थर) होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. म्हणून नुसती बुडवायची, दाबायची, तितक्याच गरम पाण्यातून खळबळून काढायची. धुताना सगळा तेलकटपणा गेला, तर विंचरण्याआधी थोडी चरबी लावत.

मग तारांचे दात असलेल्या दोन फळ्यांवर विंचरून पेळू (कातायच्या सैल गुंडाळ्या) करायचे आणि मोठ्या चरख्यावर उभ्याने कातायचे. एका हाताने चाक ढकलत, दुसऱ्या हातात पेळू धरून मागे चालत जायचं. अक्रोडाच्या बाहेरच्या हिरव्या सालींनी तपकिरी रंग येई. निळ्या रंगासाठी नीळ मात्र पिंपात शिळ्या मूत्रात भिजवत, वास सोसायचा.

लोकर कमी असली की मागावर ताणा (उभे धागे) जवसाच्या किंवा कापसाच्या सुताचा, बाणा (आडवे धागे) लोकरीचा. निव्वळ लोकरीचं कापड मागावरून विरविरीत उतरतं. ते साबणाच्या गरम पाण्यात तुडवून मुद्दाम आटवत, म्हणून विणतानाच पन्हा जास्त ठेवावा लागे.