शेतातल्या जुन्या सपराचा इतिहास कसा शोधायचा?

तुम्ही विचारलंय की वस्तीवरचं पणजोबांच्या काळातलं गवती छप्पर पाडायचंय, त्याआधी ते किती जुनं आणि त्यात कोण कोण राहिलं हे कळेल का.

कळतं, पण कागदावरून थोडंच. मी मोहोळ तालुक्यातला. आमचं सपार (छपराला आमच्याकडं हेच म्हणतात) तीन वर्षांपूर्वी पाडायला काढलं, तेव्हा मीही आधी तलाठ्याकडंच गेलो होतो. सातबाऱ्यावर विहीर सापडली, सपार नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतही नाही. कुडाच्या घराला कोण कशाला नोंदवतंय!

जुने फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी) मात्र काढाच. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक मानलं आणि पुढं कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरत गेली. त्या नोंदीत कूळ म्हणून माझ्या पणजोबांचं नाव निघालं. घरात आजवर ‘वडिलोपार्जित रान’ एवढंच ऐकलेलं. सपार राखणदाराचं, असंही सांगायचे. खरं तर ते आमचंच पहिलं घर होतं. गावातलं माळवद (मातीच्या छताचं घर) नंतरचं. वडिलांना हे माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

आता वयाचं. सपाराला एकच एक वय नसतं. गवत दोन-तीन वर्षांनी शाकारायचं, कुडाच्या तुराट्या कुजल्या की बदलायच्या, शेणामातीनं लिंपायचं. त्यामुळं छत एकदम ओढून पाडू नका, थराथरानं उतरवा. आमच्याकडं वर सगळं पाचट होतं, कारण उजनी धरणाचं पाणी आल्यावर ऊस आला आणि पाचट फुकट झालं. त्याखाली गवत. कडबा कुठंच नाही. ज्वारीच्या मुलखात कडबा छपरावर घालणाऱ्याला लोक येड्यात काढतील, तो जनावरांच्या तोंडचा घास. आणि बहात्तरच्या आधीचं गवतही नाही. का, ते आत्यानं सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. तेव्हा छतावरचं काळं पडलेलं गवत उपसून, झटकून बैलांना घातलं होतं. दोन्ही बैल जगले म्हणे.

म्हणून माझं मत, बाप्यांना विचारत बसू नका. ते रानाच्या हद्दी सांगतात. सपरात कोण राहिलं, कुणाचं बाळंतपण तिथं झालं, हे बायकांना ठाऊक असतं.

एक गोष्ट मला स्वतःला आठवते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून झोपलेलो आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. आमच्याकडं भांडी पडली, भिंतीला चीर गेली, एवढंच. पण तिकडं दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली माणसं गाडली गेल्याचं कळलं, तेव्हा आपल्या डोक्यावरच्या मातीची भीती बसली. दिवाळीपर्यंत आम्ही अकरा माणसं सपरात झोपलो. आजी म्हणायची, “पडलं तर पडलं, गवताचं कसलं वझं?”

एक कोडं मात्र राहिलं होतं. बाकी मेढी (छपराचे खांब) बाभळीच्या, ओबडधोबड. मधली तेवढी सागवानी, वर कोरलेली कमळं. कुडाच्या घरात नक्षीचा खांब! वडील म्हणाले, पहिल्यापासनं आहे. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीला आणून दाखवला. ती करमाळ्याकडची धरणग्रस्त. उजनीत गाव बुडालं आणि इकडं जमीन मिळेपर्यंत तिचं कुटुंब दोन पावसाळे या सपरात राहिलं होतं. घर मोडून आणलेलं लाकूड पुढं विकलं, एक खांब मेढ मोडली म्हणून इथं लागला.

तिनं खांबावरून हात फिरवला. म्हणाली, “आमच्या वसरीचा हाय. जोडीचा पाण्यातच ऱ्हायला.”

खांब आता तिच्या नातवाच्या घरी आहे.