प्रीफेच आणि टेम्प फाइल्स डिलीट केल्याने विंडोज कॉम्प्युटर खरंच फास्ट होतो का?

सहसा नाही. प्रीफेच फोल्डरला तर हात लावूच नका. कुठला प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फाइल्स लागतात याची नोंद तिथे असते. ती पुसली की पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम उलट हळू उघडतो, आणि विंडोज ती नोंद पुन्हा तयार करतं. म्हणजे मेहनत फुकट.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर मात्र टेम्प, म्हणजे प्रोग्रॅमनी तात्पुरत्या बनवलेल्या, फाइल्स काढल्याने फरक पडतो. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जा. यादीत ‘डाउनलोड्स’वर टिक असेल तर आधी काढा, नाहीतर कामाच्या फाइल्सही जातील!

जागा भरपूर असूनही मशीन रखडतंय? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपमधले, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणारे, नको ते प्रोग्रॅम बंद करा. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवा, खरा वेग तिथेच मिळतो.