आजीने तुझी मान का वळवली?

प्रिय चिऊ,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऑफिसला जाताना गाडीत ऐकला आणि घरी आल्यावर बाबालाही ऐकवला. तक्रार थोडक्यात अशी. आजी-आजोबांबरोबर बडोद्याजवळ आजव्याला आतापी या राइड्सच्या पार्कात गेलीस. राइडच्या रांगेत तुमच्या पुढे एक मुलगा आणि एक मुलगी उभे होते, त्याचा हात तिच्या कमरेभोवती, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. आजीने तुझी हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं आणि विचारलं, "गोळा खायचा का गं बर्फाचा?" आपल्या पिट्सबर्गच्या केनीवूड पार्कात लोक रांगेत चक्क मुके घेतात आणि कुणी ढुंकूनही बघत नाही, असं तुझं म्हणणं. मग त्यातूनच पुढचे प्रश्न निघाले. आजी-आजोबा बाकावरसुद्धा मधे पिशवी ठेवून बसतात, त्यांचं एकमेकांवर प्रेम नाही का? आजी पिट्सबर्गला आली की तू आणि बाबा सोफ्याच्या दोन टोकांना का जाता? मराठी लोक असेच असतात का?

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते. आजीच्या शेजारच्या गुजराती काकू तिथे असत्या तर त्यांनीही तुझी हनुवटी अशीच वळवली असती. त्यामुळे सगळं मराठीपणावर ढकलू नकोस. पण आजीचं म्हणशील, तर ती जिथे सून म्हणून आली ते घर तुला डोळ्यांसमोर आणावं लागेल.

बडोद्याच्या दांडिया बाजारातला तो वाडा आता पाडलाय. मधे चौक, चौकाभोवती बिऱ्हाडं, नळ सगळ्यांत एक. आमच्या वाट्याला दोन खोल्या. त्यात आजीचे सासू-सासरे, दीर, लग्नाची नणंद, आणि नंतर मी. दाराला कडी होती, पण ती रात्रीची. दिवसा कडी लागली तर चौकभर बातमी. अशा ठिकाणी नव्या जोडप्याने दोन शब्द बोलायचे कुठे? जिन्यात. आणि जिन्याने तर सगळ्यांचीच ये-जा. म्हणून वाड्यातली मोठी माणसं जिना चढण्याआधी खाली उभं राहून खाकरायची. माझे आजोबा तर दोनदा खाकरायचे, मग चपला जरा जास्तच आपटत वर यायचे. मला लहानपणी वाटायचं, यांना कायमचा खोकला आहे. पुढे कळलं की ती आमच्या वाड्यातली दारावरची बेल होती.

चिऊ, तिथे एकांत भिंतींमुळे मिळत नसे, तो दुसऱ्यांनी द्यावा लागे. बघितलं तरी बघितलं नाही असं करायचं, ऐकू आलं तरी कान दुसरीकडे लावायचा. आजी यात तयार झाली. आतापीत ती त्या दोघांना काही बोलली का? नाही ना? तिने त्यांना त्यांची जागा दिली, आणि तुला गोळा.

तरी सगळं श्रेय मी आजीला देत नाही. तिला ते आवडलं नसणार, आणि घरी येऊन भाजी निवडताना "काय ही थेरं!" असं ती आजोबांना म्हणाली असेल, पैजेवर सांगते. त्यातलं "थेरं" बहुतेक मुलीच्या वाट्याला जास्त आलं असेल. हे मला खटकतं, तुलाही खटकू दे. रावपुऱ्यात दोन मित्र गळ्यात गळे घालून, करंगळीत करंगळी अडकवून फिरतात तेव्हा कुणाची मान वळत नाही. त्यातल्या एका मित्राच्या जागी मुलगी आली की मात्र गावाला काम मिळतं, आणि नाव आधी तिचंच निघतं. स्कूटीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळ्या तोंडाला ओढणी का बांधतात, हेही तू विचारलं होतंस. उन्हासाठी बांधतात. पण संध्याकाळी सातला ऊन कुठे असतं?

आता केनीवूड. तिथलं सगळं पहिल्यापासून मोकळं होतं असं समजू नकोस. ओल्ड मिलमध्ये आपण बसलो होतो, आठवतं? बाहेर आल्यावर तू "बोअरिंग" म्हणालीस. केनीवूड १८९८चं, ट्रॅमच्या कंपनीने काढलेलं. सुट्टीच्या दिवशीही लोकांनी ट्रॅमने फिरावं, हा हेतू. ओल्ड मिल १९०१ची. अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावर सावकाश सरकणारी होडी, बास. पोटात गोळा येईल असं त्यात काही नाही. मग लोक पैसे कशाचे मोजत होते? अंधाराचे. त्या काळी अमेरिकेतही भल्या घरच्या मुलीने रस्त्यात तरुणाचा हात धरला तर चारचौघांत चर्चा व्हायची. होडीत तो धरता यायचा, आणि बाहेर आल्यावर "आत केवढा अंधार होता, भीती वाटली" म्हणायची सोय असायची. अशा राइड्सना पुढे "टनेल ऑफ लव्ह" असंच नाव पडलं.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू नावाच्या माणसाने १८९७मध्ये स्टीपलचेस पार्क काढलं. त्याची अक्कल मला भारी वाटते. रुळांवरून पळणारे लाकडी घोडे, आणि एका घोड्यावर दोघांना बसता येई. मागच्याने पुढचीला घट्ट धरलं नाही तर पडायची भीती. मग दोष कुणाचा? घोड्याचा! (त्याच पार्कात जमिनीतून हवेचा झोत सोडून बायकांचे घागरे उडवायचे आणि बाकीच्यांनी हसायचं, असाही एक प्रकार होता. त्यातली अक्कल मला दिसत नाही.)

म्हणजे तिथल्या आज्याही हनुवट्या वळवत होत्याच. पार्कात त्यावर एक पळवाट मिळाली. पुढे १९५५मध्ये डिस्नेलँड आलं, आईबाप आणि पोरं एकत्र फिरतील अशी पार्कं वाढली, बाहेरच्या रीतीही बदलल्या, आणि अंधाराची गरज संपली. तरी मला वाटतं, केनीवूडच्या रांगेत लोक बिनधास्त असतात त्यामागे आणखी एक साधं कारण आहे. मागेपुढे उभ्या असलेल्या अनोळखी लोकांत कुणाची मावशी नसते.

बडोद्यात ती असतेच. कमाटीबाग सयाजीरावांनी १८७९मध्ये वसवली, तेव्हा ते स्वतः जेमतेम सोळा वर्षांचे होते. विश्वामित्रीच्या काठी एवढी मोठी बाग, झाडं, बाकं, झुडपांचे आडोसे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तिथे वाटेकडे पाठ करून बसलेली जोडपी असायची, आणि रोजचा फेरा मारणारे निवृत्त काका त्यांच्यासमोरून असे जायचे, जणू बाक रिकामंच आहे. पण त्या काकांपैकी एखादे माझ्या बाबांच्या बँकेतले निघायचे, एखादे काकूंच्या भिशीतल्या कुणाचे तरी यजमान. म्हणून तर ती दोघं वीसेक किलोमीटर लांब, तिकीट काढून, आजव्याला आली असतील. ओल्ड मिलमध्ये बसणारे ज्यासाठी बसत, त्यासाठीच. आता तिथेही नेमकी तुझी आजी पुढ्यात यावी, याला काय म्हणायचं?

एक गोष्ट मात्र यात मिसळू नकोस. दर वर्षी चौदा फेब्रुवारीला काही लोक काठ्या घेऊन बागांमधून फिरतात, जोडप्यांना उठाबशा काढायला लावतात, आणि संस्कृतीचं नाव घेतात. आजी नजर वळवते. हे शोधत येतात, तोंडावर मोबाइल धरून व्हिडिओ काढतात. वाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने असल्या माणसाला चपलेने हाणला असता. कायद्याचंही सांगून ठेवते, कारण तू विचारणारच. सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं अश्लील कृत्य करणं हा गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं २९४ कलम होतं, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं २९६. पण अश्लील कशाला म्हणायचं ते कलमात लिहिलेलं नाही, त्यामुळे हवालदाराच्या मनावर बरंच राहतं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९मध्ये एका नवरा-बायकोवरचा असा खटला काढून टाकला होता. हातात हात धरल्याने कुणी गुन्हेगार होत नाही, एवढं पक्कं धर.

आणि आजी-आजोबा. मधल्या पिशवीवर जाऊ नकोस. आमच्याकडे बजाजची स्कूटर होती. मी दोघांच्या मधे बसायची, आजी मागे एका बाजूला पाय सोडून. वाड्यातून निघताना तिचा हात मागे स्टेपनीवर. रावपुऱ्याच्या गर्दीतही स्टेपनीवरच. सूरसागर मागे पडला, ओळखीची दुकानं संपली, की तो हात माझ्या डोक्यावरून पुढे यायचा आणि आजोबांच्या खांद्यावर बसायचा. तिच्या हिरव्या बांगड्या माझ्या कानाशी वाजायच्या. परतताना पुन्हा त्याच सुमाराला हात मागे. आजोबांनी कधी मान वळवून पाहिलं नाही, पण खांद्यावर हात आला की स्कूटर हळू व्हायची. मला वाटायचं, वजन वाढलं म्हणून.

चारचौघांत प्रेम दाखवायची मुभा नव्हती असंही नाही, फक्त त्याला वेळ-काळ ठरलेला असे. लग्नात एकमेकांना घास भरवायचा, तोही सगळ्या वऱ्हाडासमोर, आणि नाव घेतल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर चढाओढ. वाड्यातल्या एक काकू, एरवी नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या, त्यांनी एकदा ठणकावून घेतलं:

मांडवीच्या कमानीतून सुटलाय गार वारा,
अमक्यारावांचा पगार माझ्याच हाती सारा!

सगळ्या बायका हसून लोटपोट, आणि अमकेराव बाहेर ओट्यावर पेपरात तोंड खुपसून. "अमकेराव" मी घातलं, खरं नाव सांगितलं तर काकू अजून बडोद्यात आहेत.

आता माझं आणि बाबाचं. आजी आली की आम्ही लांब बसतो, खरंय. बाबाला कुणी सांगितलेलं नाही, तो जावई आहे, आपोआप सरकतो. आजीला अवघडल्यासारखं व्हायला नको, एवढंच त्यामागे आहे. आम्ही एकटे असलो की कसे बसतो ते तू बघतेसच, आणि वर "ईऽऽ" पण करतेस. म्हणजे हनुवटी वळवायला तूही शिकलीच आहेस की. तुझ्यापुरतं सांगायचं तर कुणी मिठी मारायला आलं आणि तुला नको असेल तर बडोदं असो की पिट्सबर्ग, सरळ नमस्कार कर. काका-मामा असले तरी. आजी तुझी बाजू घेईल, मी तिच्याशी बोलून ठेवलंय.

आणि परत निघताना हरणीच्या विमानतळावर आजोबांना मिठी मारावी का, असं तू अगदी शेवटी पुटपुटत विचारलंस. मार. आधी ते काठीसारखे ताठ होतील, हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळणार नाही. मग पाठीवर दोनदा थोपटतील आणि पासपोर्ट घेतलास का म्हणून विचारतील. तो हातात काढून ठेव, नाहीतर सगळी बॅग उघडायला लावतील.

तुझी,
आई